दर उन्हाळ्यात तापणारा पीसी: सीलबंद एआयओ बदलायचा, की कस्टम लूप करायचा?

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. जानेवारीत पीसी छान चालतो. होळी झाली की रेंडर सुरू होताच सीपीयू ९५-१०० अंशांना टेकतो, क्लॉक (चिपचा वेग) खाली येतो, पंखे घोंघावतात, कधी मशीनच बंद पडतं. चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट बदलली जाते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग एआयओ, म्हणजे कारखान्यातूनच द्रव भरून सील करून आलेला पाण्याचा कूलर, बदलला जातो. पावसाळा येतो, सगळं शांत. पुढच्या एप्रिलमध्ये पहिले पाढे पंचावन्न. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की माणूस विचारतो: हे सीलबंद प्रकरण सोडून कस्टम लूपच, म्हणजे पंप, रेडिएटर, नळ्या सुट्या घेऊन जोडलेली पाण्याची यंत्रणा, करून टाकू का?

माझं मत आधीच सांगतो. फक्त सीपीयूसाठी कस्टम लूप करू नका. ग्राफिक्स कार्डही पाण्यावर घ्यायचं असेल आणि वर्षातून एक अख्खा दिवस त्या लूपसाठी काढायची तयारी असेल, तरच त्या वाटेला जा. हे मत आवडीनिवडीचं नाही, ते मोजून पटतं. पण त्याआधी तुमच्या मशीनचं नेमकं दुखणं कोणतं ते शोधायला हवं. दुखणं न शोधता घेतलेला नवा कूलर, सीलबंद असो वा कस्टम, पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी आणून उभा करतो.

खोलीचं तापमान वजा करा

एक साधा थर्मामीटर घ्या आणि कॅबिनेटची हवा आत जाते त्या बाजूला, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. भिंतीवरचा किंवा एसीच्या रिमोटवरचा आकडा चालणार नाही. टेबलाखाली, भिंतीला चिकटून ठेवलेल्या कॅबिनेटच्या तोंडाशी हवा खोलीपेक्षा चार-पाच अंश गरम असू शकते.

आता लोडखाली (मशीनला जड काम दिलेलं असताना) सीपीयूचं तापमान जेवढं येईल त्यातून हा आकडा वजा करा. हिवाळ्यात खोली २२ आणि सीपीयू ७८ असेल, तर फरक ५६. मे महिन्यात खोली ३९ आणि सीपीयू ९५ असेल, तरी फरक ५६च. म्हणजे कूलर जानेवारीत जेवढं काम करत होता, तेवढंच मे महिन्यातही करतोय. बिघाड कशातच नाही. पाण्याचा कूलर असो की हवेचा, तो खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. खोली सतरा अंशांनी तापली की चिपही तेवढीच वर जाते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, बंद खोलीत रात्रीसुद्धा हवा उतरत नाही. तिथे यूरोपातल्या २१ अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे वाचून कूलर घेतला, तर अपेक्षाभंग ठरलेलाच.

हा फरक मागच्या वर्षापेक्षा दहा-पंधरा अंशांनी वाढला असेल, तर मात्र काहीतरी खरंच बिघडलंय.

एआयओवाल्यांना हमखास पडणारा एक प्रश्न इथेच निकालात काढतो. कोकणात, मुंबईत हवेत एवढा दमटपणा असताना नळ्यांवर दव धरेल का? नाही. दव धरायला पृष्ठभाग आसपासच्या हवेपेक्षा थंड लागतो, आणि या लूपमधला द्रव खोलीपेक्षा गरमच असतो.

तापमान कसं चढतं ते बघा

माझ्या मते निदानातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच लोक सोडून देतात. ते कमाल आकडा बघतात. तिथवर तापमान कोणत्या चालीने पोचलं, हे बघत नाहीत.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान, वीज, वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सीपीयू पॅकेजचं (अख्ख्या चिपचं) तापमान, पॅकेजचे वॅट, पंपाचा आरपीएम आणि क्लॉक यांचे आलेख लावा. मशीन दहा मिनिटं निवांत राहू द्या. मग सिनेबेंच ही सीपीयूवर पूर्ण ताण देणारी चाचणी सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. पाच मिनिटांत थांबू नका, पाण्याच्या कूलरचं खरं चित्र पाच मिनिटांत दिसत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला २५० वॅटला साधारण १७ सेकंद लागतात. एआयओत द्रव त्याहून कमी असतो, पण रेडिएटरमधून (द्रव थंड करणाऱ्या, पंखे लावलेल्या जाळीतून) उष्णता बाहेरही जात असते, त्यामुळे द्रव स्थिरावायला बराच वेळ जातो.

पहिली चाल: चाचणी सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांतच तापमान थेट ९५-१०० वर, आणि चाचणी थांबवली की तितक्याच झटक्यात खाली. द्रव तर अजून तापलाच नाही, मग दोष द्रवाचा किंवा रेडिएटरचा असूच शकत नाही. दोष चिप आणि कूलरची तांब्याची प्लेट यांच्यामध्ये आहे: पेस्ट वाळली आहे, स्क्रू सारखे आवळलेले नाहीत, प्लेटवरचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय, किंवा चिपला दिलेली वीजच बेसुमार आहे. कस्टम लूप यातलं काहीही सुधारत नाही.

दुसरी चाल: सुरुवातीला ७५, मग हळूहळू ८०, ८५, पंधरा मिनिटांनी ९५. इथे द्रव तापतोय आणि रेडिएटर त्याची उष्णता बाहेर टाकू शकत नाहीये. फिन्समध्ये (रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमध्ये) धूळ, पंखे मंद किंवा उलटे बसवलेले, रेडिएटरला मिळणारी हवाच गरम, किंवा रेडिएटर त्या कामाला लहान. मोठ्या रेडिएटरचा खरा फायदा फक्त याच चालीत होतो.

तिसरी चाल: काही काम न करता, नुसत्या डेस्कटॉपवरही तापमान ६०-७० च्या घरात, छोटा लोड आला की लगेच शंभर, आणि लोड काढल्यावरही खाली यायला अवघड. द्रव वाहत नाहीये. पंप मेला, अडकला, किंवा त्यात हवा भरली. खात्रीसाठी लोड चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. २५० वॅट उष्णता आणि मिनिटाला एक लिटर प्रवाह धरला, तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या द्रवात जेमतेम साडेतीन अंशांचा फरक पडतो. म्हणजे निरोगी लूपच्या दोन्ही नळ्या हाताला जवळपास सारख्याच कोमट लागतात. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल, तर प्रवाह थांबलाय किंवा नावापुरता उरलाय. पंपाचा आरपीएम व्यवस्थित दिसतोय म्हणून गाफील राहू नका. प्लेटच्या बारीक खाचा गाळाने बुजल्या, तरी पंप आपला फिरत राहतो.

ज्यांचं मशीन तापमान ठीक असतानाही क्रॅश होतं, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिप्सना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ०एक्स१२९ आणि ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचे अपडेट) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम मध्येच बंद पडतो, फाइल अनझिप करताना चुकीचे एरर येतात, आणि आलेखात तापमान ८० च्या आत आहे, असं असेल तर कूलरच्या मागे लागू नका. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, आणि तरीही होत असेल तर चिप वॉरंटीत द्या.

सीलबंद एआयओ का दमतो

सगळ्यात स्वस्त कारणापासून सुरू करतो. पंपाची वायर मदरबोर्डवर कुठे लावली आहे ते बघा. ती सीपीयू फॅनच्या किंवा कॅबिनेट फॅनच्या हेडरवर (वायर लावायच्या पिनांवर) असेल आणि बायोसमध्ये त्या हेडरला फॅन कर्व्ह (तापमानाप्रमाणे वेग बदलणारी सेटिंग) असेल, तर कमी तापमानाला पंप निम्म्या वेगाने चालतो. पंपाच्या हेडरवर लावा आणि तिथे पूर्ण वेग ठेवा. ज्या मॉडेलचा पंप सरळ साटा केबलवरून वीज घेतो, त्याला हा प्रश्न नाही.

पुढचं कारण जागेचं. एआयओ पूर्ण भरलेला नसतो, आत थोडी हवा असतेच. ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची टाकी असेल तर काही बिघडत नाही. ती पंप असेल, तर पंप हवा घुसळत बसतो, खळखळ आवाज येतो आणि आयुष्य घटतं. म्हणून रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणं उत्तम. समोर लावायचा झाला तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर यायला हवं. तळाला मात्र लावू नका.

नवीन असताना निर्धोक वाटणारी मांडणीही दोन-तीन वर्षांनी आवाज करायला लागते, कारण रबराच्या नळीतून पाण्याची वाफ अतिशय हळू, पण सतत बाहेर झिरपत असते. नळ्या चांगल्या असल्या तरी हे पूर्ण थांबत नाही. द्रव कमी होतो, हवा वाढते. गरम द्रवात हे जास्त वेगाने होतं, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात एआयओ थंड देशातल्यापेक्षा लवकर म्हातारा होतो, असं मला ठामपणे वाटतं. बहुतेक मॉडेलना द्रव भरायची सोय नसते. बी क्वाएट कंपनीच्या प्युअर लूपसारख्या काहींना असते, आणि आपल्या हवामानात ही सोय मी दिव्यांच्या रोषणाईपेक्षा कितीतरी वर ठेवेन.

मग गाळ. बहुतेक एआयओंचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि प्लेट तांब्याची असते. हे दोन धातू एकाच द्रवात ठेवले की ॲल्युमिनियम झिजतं. द्रवातली गंजरोधक रसायनं ते रोखून धरतात, ती संपली की कणांचा गाळ होऊन प्लेटच्या खाचांत बसतो. दोष कधी अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या भागात निघतो. आर्क्टिक कंपनीने २०२२ मध्ये लिक्विड फ्रीझर २ या एआयओच्या काही नगांमध्ये गॅस्केटचा दोष स्वतःहून जाहीर केला आणि ग्राहकांना दुरुस्तीचं किट दिलं. गाळाची ओळख अशी की खोली आणि सीपीयूमधला फरक महिन्यामहिन्याने थोडा थोडा वाढत जातो, आणि पेस्ट बदलून काहीच फरक पडत नाही.

धुळीबद्दल वेगळं काय सांगायचं. फिल्टर दर पंधरा दिवसांनी, रेडिएटर दर दोन-तीन महिन्यांनी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पंखा सोडवून आतली बाजू बघा, कारण धुळीची गादी पंखा आणि फिन्स यांच्यामध्ये साचते, बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो. विदर्भात ज्यांच्या खोलीत डेझर्ट कूलर आहे त्यांनी मशीन त्याच्या झोताच्या समोर ठेवू नये. झोतात बारीक तुषार असतात, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार पंख्यावर, फिन्सवर पांढरे बसतात.

वीज आवरा

याला फुकटचा उपाय म्हणून कमी लेखू नका. मला यातून जितके पीसी बरे झालेले दिसले, तितके कोणत्याही नव्या कूलरने झालेले दिसले नाहीत.

कोअर आय९-१४९००के ला इंटेलने कमाल टर्बो २५३ वॅट ठरवून दिले आहेत. अनेक मदरबोर्ड ही मर्यादा मुळातच काढून टाकून यायचे, बायोसमध्ये ४०९६ असा आकडा दिसायचा. मग चिप ३०० वॅटच्या पुढे जाते आणि १०० अंशांच्या मर्यादेला टेकून राहते. इंटेलचं डीफॉल्ट प्रोफाइल निवडा. उन्हाळ्यापुरतं २०० वॅटवर आणा. शेवटचे पन्नास-शंभर वॅट अगदी थोडा वेग देतात आणि भरमसाट उष्णता देतात.

एएमडीच्या रायझन ७९५०एक्स ची गोष्ट वेगळी. ती चिप लोडखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवली आहे. कूलर जेवढा चांगला, तेवढा क्लॉक वर जातो, तापमान तिथेच राहतं. ९५ दिसलं म्हणून घाबरू नका, क्लॉक किती टिकतो ते बघा. तरीही खोली तापत असेल तर इको मोड (कमी विजेची सेटिंग) वापरा. १०५ वॅटच्या इको मोडमध्ये सॉकेटची मर्यादा २३० वरून १४२ वॅटवर येते. आणि रायझन ७८००एक्स३डी सारखी चिप असेल, तर तिची मर्यादाच १६२ वॅट आहे आणि गेममध्ये ती त्याच्या बरीच खाली राहते. तिला दुहेरी टॉवरचा चांगला एअर कूलर पुरतो. तिच्यासाठी पाण्याची उठाठेव करू नका.

अमरावतीतलं एक उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा एक ओळखीचा मुलगा. लग्नसराई एप्रिल-मे मध्ये, म्हणजे कामाचा जोर आणि उन्हाचा जोर एकाच वेळी. रात्रभर एक्स्पोर्ट चालतात. आय९-१३९००के, ३६० मिलिमीटर रेडिएटरचा एआयओ समोर लावलेला, कॅबिनेटच्या समोर काचेचं तावदान आणि दोन्ही कडांना बोटभर फट. दोन वर्षांत दुसरा एआयओ. दुकानदाराने आता कस्टम लूपचं कोटेशन दिलं होतं, एका चांगल्या लेन्सएवढं. आलेख काढला तर पहिली आणि दुसरी चाल एकत्र: लगेच ९२, मग दहा मिनिटांत १००. बायोसमध्ये वीज मोकाट. दोन्ही नळ्या सारख्याच गरम, म्हणजे पंप ठणठणीत. मर्यादा आधी २५३, मग २०० केली. समोरची काच काढून ठेवली तेव्हा आणखी बराच फरक पडला, म्हणून पुढे जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट घेतलं आणि रेडिएटर छताला लावला. एक्स्पोर्टच्या वेळेत त्याला जाणवेल असा फरक पडला नाही, कारण त्याच्या एक्स्पोर्टचा मोठा भाग ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडरच करत होता. तोच एआयओ अजून चालू आहे. कस्टम लूपचे पैसे खरोखरच लेन्समध्ये गेले.

कस्टम लूप कुठे जिंकतो, कुठे नाही

चिपमधून निघालेली उष्णता खोलीत पोचेपर्यंत दोन टप्पे पार करते. पहिला सिलिकॉनपासून द्रवापर्यंत, दुसरा द्रवापासून खोलीच्या हवेपर्यंत. २५० वॅट खाणाऱ्या सीपीयूत पहिल्याच टप्प्यात ४५-५० अंश जातात आणि दुसऱ्यात, चांगल्या ३६० रेडिएटरवर, साधारण १०-१५. कस्टम लूप दोन-तीन रेडिएटर लावून दुसरा टप्पा अर्ध्यावर आणेल. म्हणजे मिळणार पाच-सात अंश. पहिल्या टप्प्याला तो फारसा हात लावू शकत नाही, कारण तिथली अडचण द्रवात नाही, चिपच्या आकारात आहे. झेन ४ (रायझन ७९५०एक्स ची पिढी) चा एक कोअर चिपलेट, म्हणजे कोअर असलेला सिलिकॉनचा तुकडा, साधारण ७० चौरस मिलिमीटरचा. एवढ्याशा जागेतून शंभराहून जास्त वॅट निघायचे, त्यावर जाड धातूचं झाकण, त्यावर पेस्ट, मग तांबं. त्यापुढे पाणी एक लिटर आहे की तीन लिटर, याने चिपला फार फरक पडत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं उलटं आहे. आरटीएक्स ४०९० ची चिप ६०० चौरस मिलिमीटरच्या वर आहे, वर झाकण नाही, तांबं थेट सिलिकॉनवर बसतं. ४५० वॅट असूनही पहिला टप्पा सोपा, आणि सगळी लढाई दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे नेमकी जिथे मोठे रेडिएटर कामाला येतात. शिवाय हवेवर चालणारं कार्ड ते ४५० वॅट कॅबिनेटमध्येच ओततं आणि तीच गरम हवा छतावरच्या एआयओला मिळते. कार्ड लूपमध्ये गेलं की दोघांचीही सुटका होते, आवाज तर ओळखू येणार नाही इतका उतरतो. रात्रंदिवस थ्रीडी रेंडर करणाऱ्याला मी कस्टम लूप मनापासून सुचवतो.

कस्टमचा दुसरा मोठा फायदा दुरुस्तीचा. पंप गेला तर पंप बदलायचा. डी५ जातीचा पंप वर्षानुवर्षं चालतो आणि स्वतंत्र मिळतो. पुढच्या पिढीची चिप घेतली तर बऱ्याचदा फक्त ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून द्रव वाहणारा तांब्याचा भाग) किंवा त्याची पकड बदलावी लागते. द्रवाच्या तापमानाचा सेन्सर लावून पंखे त्यावर चालवता येतात, म्हणजे सीपीयूच्या प्रत्येक उसळीला पंखे दचकत नाहीत.

आता बोजा. खर्च सीपीयू आणि कार्ड मिळून चांगल्या एआयओच्या कितीतरी पट. कार्डाचा मूळ कूलर काढताना स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटतं, त्यामुळे वॉरंटीच्या अटी आधी वाचा. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं: अकरा महिन्यांच्या करारावर दरवेळी फ्लॅट बदलायचा असेल, तर टेम्पोत भरलेला लूप नेणं धोक्याचं. दरवेळी रिकामा करा, पुन्हा भरा. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या मुलांना मी याच एका कारणावरून सीलबंद घ्यायला सांगतो.

मधली वाटही आहे. अल्फाकूलच्या आइसबेअर मालिकेसारखे काही कूलर तयार भरून येतात, पण रेडिएटर तांब्याचा असतो, जोड प्रमाण मापाचे असतात, द्रव बदलता येतो आणि पुढे कार्डही जोडता येतं. पाच-सहा वर्षं एकच मशीन वापरणाऱ्याने असा मिळाला तर आधी हा बघावा.

कस्टमच करायचं ठरलं असेल तर

पाणी. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच, घरातल्या आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार उरतात, काही यंत्रं तर चवीसाठी मुद्दाम परत घालतात. इन्व्हर्टरसाठी मिळणारं बॅटरीचं पाणी अनेकजण वापरतात, पण कॅनगणिक त्याचा दर्जा वेगळा असतो. शिवाय नुसत्या शुद्ध पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक नसतंच. पहिल्या लूपला तयार मिश्रणाचं पारदर्शक कूलंट घ्या. दुधाळ रंगाचं कूलंट दिसायला देखणं असतं, पण त्यातले कण बसतात आणि ब्लॉकच्या खाचा बुजवतात. ज्या गाळापासून पळून आलात, तोच विकत घेऊ नका.

धातू. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा हे एकत्र चालतात. एकही भाग ॲल्युमिनियमचा नको. स्वस्त ऑनलाइन किटमधला रेडिएटर हमखास ॲल्युमिनियमचा निघतो, आणि तो तांब्याच्या ब्लॉकबरोबर जोडला जातो. नवा रेडिएटर चांगला असला तरी आत डागकामाचा फ्लक्स उरलेला असतो. गरम शुद्ध पाणी भरून, दणकून हलवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

नळ्या. फोटोंत दिसणाऱ्या कडक पीईटीजी प्लॅस्टिकच्या नळ्यांना उष्णता सोसत नाही. ६० अंशांच्या आसपास त्या मऊ पडून जोडातून सुटायचा धोका असतो. ४० अंशांच्या खोलीत द्रव ५५ वर सहज जातो, म्हणजे हाताशी जेमतेम पाच अंश उरतात. काळी मऊ ईपीडीएम रबराची नळी घ्या. कडकच हवी असेल तर ॲक्रिलिक घ्या, ती वाकवायला कठीण पण उष्णतेला टिकते.

गळतीची चाचणी. भरण्याआधी हवेच्या दाबाने करा. लूपसाठीचा हातपंप आणि दाबमापक मिळतो, साधारण अर्ध्या बारपर्यंत दाब भरून काटा पंधरा-वीस मिनिटं हलत नाही ना ते बघा. मग द्रव भरताना एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) मदरबोर्डकडे आणि कार्डाकडे जाणारी प्रत्येक वायर काढून ठेवा आणि फक्त पंपाला वीज द्या. त्यासाठी २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीशी जोडतात. तयार जंपर मिळतो, तोच वापरा. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून काही तास चालू द्या. पंप कोरडा फिरवू नका, टाकीतला द्रव उतरला की बंद करून पुन्हा भरा. कॅबिनेट पुढे-मागे कलतं करत राहिलं की अडकलेली हवा निघते. लूपच्या सर्वांत खालच्या जागी एक बॉल व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बसवा. वर्षाने द्रव काढताना तो नसेल तर सगळं मशीन उलटं धरावं लागतं.

आणि एआयओच बिघडलेला निघाला तर

तिसरी चाल दिसली, किंवा फरक सतत वाढतोय आणि पेस्टने काही झालं नाही, तर तो वॉरंटीत द्या. आत उघडून बघू नका, उघडला की दावा संपला. चांगल्या एआयओंना पाच-सहा वर्षांची वॉरंटी असते, आणि हे अनेकांच्या गावीही नसतं. पक्कं बिल आणि सीरियल नंबर लागतो. नंबर बऱ्याचदा रेडिएटरच्या अशा कडेला असतो जी बसवल्यावर दिसत नाही, म्हणून लावायच्या आधीच फोटो काढून ठेवा. तक्रारीबरोबर आलेखाचा स्क्रीनशॉट, खोलीचं तापमान आणि नळ्यांमधला फरक लिहून पाठवा. नुसतं "गरम होतो" म्हटलं की "पेस्ट बदलून बघा" असं उत्तर येतं आणि आठवडा वाया जातो.

बदली यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. काम अडत असेल तर तेवढ्यासाठी एक साधा टॉवर एअर कूलर आणा आणि सीपीयूची मर्यादा १२५ वॅटवर ठेवा. बदलून आलेल्या एआयओबरोबर कधी कधी स्क्रू आणि बॅकप्लेट येत नाहीत, म्हणून जुना पाठवताना ती सगळी पुडी घरीच ठेवा.